घरून माणूस आले आहे

१

लालबागच्या कमलविहार टॉकीजमध्ये मी डोअरकीपर आहे. ह्या कामावर बाई कशी, असं येणारा प्रत्येक जण एकदा तरी विचारतो. आमचे मिस्टर, रामू घाडी, इथे छत्तीस वर्षं ऑपरेटर होते. ते घरी बसल्यावर मी मॅनेजर चिंतामणी सबनीस यांच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिले आणि ते हो म्हणेपर्यंत हलले नाही. सबनीस अजून लोकांना सांगतात, मालनबाईंना मी नोकरी दिली नाही, त्यांनी ती घेतली.

बाराचा मॅटिनी माझ्याकडे असतो. सातशे खुर्च्या आणि आठ-दहा डोकी. कुणी ऊन टाळायला येतं, कुणी बायको टाळायला. मी बॅटरी मारून माणसं बसवते आणि मग डावीकडच्या बाजूच्या दाराशी स्टुलावर बसते. हे दार थेट गल्लीत उघडतं. त्याला आतून जाड पडदा आहे, नाहीतर दुपारचं ऊन पडद्यावर येऊन हिरॉइनचं तोंड पांढरं करतं.

आमच्या खुर्च्या जुन्या, स्प्रिंगच्या. माणूस उठला की बैठक खाड्कन वर जाते. इतक्या वर्षांत मला त्या आवाजाची सवय झाली आहे. अंधारातसुद्धा मी सांगू शकते की आठव्या रांगेतला म्हातारा लघवीला निघाला.

फेब्रुवारीतला मंगळवार होता. आत नऊ माणसं होती, मी स्वतः मोजलेली, आणि सगळी मधल्या रांगांत. पुढून तिसऱ्या रांगेत खाड् झालं. मी पाहिलं तर तिथे कोणी उठलेलं नव्हतं. कोणी बसलेलंही नव्हतं. थोड्या वेळानं माझ्या शेजारचा पडदा आतून कुणीतरी सारावा तसा फुगला आणि खाली पडला.

स्प्रिंग गेली असेल म्हणून मी बॅटरी घेऊन पाहायला गेले. रिकामी बैठक खाली दाबून पाहिली, स्प्रिंग चांगली कडक होती. रेक्झिनला हात लागला तेव्हा ते कोमट लागलं. एसी चालत नव्हता त्या दिवशी, त्यामुळे असेल, असं मी स्वतःला समजावलं.

२

मी नवऱ्याला कामावर बरोबर घेऊन येते. ह्यात लपवण्यासारखं काही नाही, सबनीसांना माहीत आहे. गेल्या चार वर्षांत ह्यांचं डोकं विस्कटत गेलं. आधी किल्ल्या विसरले, मग वार विसरले, मग जेवलो की नाही ते. नायगावची आमची चाळ पाडली आणि आम्हाला अकराव्या मजल्यावर खोली मिळाली, तेव्हापासून तर घर म्हणून ते ओळखतच नाहीत. बोलणंही हळूहळू गावच्या मालवणीवर गेलं. पण टॉकीजच्या अंधारात आणलं की गप्प बसतात. दहाव्या रांगेत कडेची खुर्ची त्यांची. सगळं विसरले तरी माझं नाव विसरले नाहीत, तेवढ्यावर मी तग धरून होते.

आमची मुलगी श्रेया शीवला असते, लॅबमध्ये नोकरी करते. तिनं बदलापूरकडे एक जागा पाहून ठेवली होती, अशा म्हाताऱ्यांना सांभाळणारी. दर रविवारी ती विषय काढायची आणि दर रविवारी मी तिला पोहे खायला घालून वाटेला लावायची. ज्या माणसानं मला चाळीस वर्षं सांभाळलं त्याला मी परक्याच्या हाती देणार नाही, हे माझं ठरलेलं होतं. ह्यात शहाणपण किती ते मला विचारू नका.

ह्यांचं अक्षर फार सुंदर होतं. त्याचाही टॉकीजमध्ये उपयोग व्हायचा. तेव्हा मोबाइल नव्हते. गिरणगावातला माणूस पिक्चरला बसला आणि मागे घरी काही झालं, तर घरचं कुणीतरी धावत बुकिंगच्या खिडकीशी यायचं. मग हे काचेच्या तुकड्याला काजळी धरून त्यावर सुईनं नाव कोरायचे आणि स्लाइडच्या मशीननं चालू पिक्चरच्या खालच्या कोपऱ्यात दाखवायचे. श्री. अमुक अमुक, चाळ अमुक, ताबडतोब बाहेर यावे. घरून माणूस आले आहे.

कारण कधीच लिहायचं नाही, हा नियम होता. लिहायची गरजही नव्हती. आई गेली किंवा मशीनमध्ये हात गेला, ह्यापेक्षा वेगळं कोण कशाला धावत येईल? आणि दुसरा नियम असा की माणूस बाहेर येईपर्यंत स्लाइड काढायची नाही. एकदा एका नावाचे दोन सीताराम उठले होते. बाहेर येऊन कळेपर्यंत दोघंही रडायला लागलेले. हे ती गोष्ट सांगताना आधी हसायचे आणि मग पुढचा काचेचा तुकडा पुसायला घ्यायचे.

ते मशीन कधीच भंगारात गेलं. आता केबिनमध्ये डिजिटल पेटी आहे आणि ती गौतम नावाचा आमचा ऑपरेटर चालवतो. बटण दाबतो आणि बाकीचा वेळ मोबाइलवर क्रिकेट पाहतो.

३

गुरुवारी तोच पिक्चर चालू होता. हिरो गाडीतून पडण्याच्या जरा आधी उजवीकडे खालच्या कोपऱ्यात पिवळट चौकोन उमटला. त्यात अक्षरं होती.

श्री. शामराव तावडे, डिलाईल रोड, ताबडतोब बाहेर यावे. घरून माणूस आले आहे.

मी अक्षर ओळखलं. 'श्री'ची शेपटी जरा जास्तच लांब ओढायची ह्यांना खोड होती. लग्नाआधी मला पाठवलेल्या चिठ्ठ्यांतही ती होती.

पाचव्या रांगेत खाड् झालं. जिथे कोणी नव्हतं तिथे. पडदा फुगला, दाराच्या फटीतून उन्हाची एक रेघ जमिनीवर आली आणि गेली. त्यानंतर कोपऱ्यातला चौकोन विझला.

आत सात माणसं होती, त्यातलं एकही चुळबुळलं नाही. मी धापा टाकत केबिनमध्ये गेले आणि गौतमला म्हटलं, कोपऱ्यात काय दाखवलंस? त्यानं मान वर केली, काचेतून पडद्याकडे बघितलं आणि म्हणाला, "काय मावशी, साफ तर आहे. डोळे चेक करून घ्या एकदा."

डोळ्यांचं ऑपरेशन मी मागच्याच वर्षी केलंय. ते त्याला सांगण्यात अर्थ नव्हता. खाली येऊन मी ह्यांच्या शेजारी बसले. ते कोपऱ्याकडेच बघत होते. मी विचारलं, तुम्हाला दिसलं का? त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला, पूर्वी केबिनमध्ये ठेवायचे तसा, आणि अगदी शुद्धीवर असल्यासारखे म्हणाले, "माणूस भायर येईसर काढूची नाय हां, मालन."

त्या रात्री मला ह्यांच्या बरं होण्याची आशा वाटली. भीती नंतर वाटली, आधी आशा वाटली. माणूस किती वेडं असतं ते बघा.

४

पुढच्या आठवड्यात आणखी दोन नावं आली. एक मला माहीत नव्हतं. दुसरं होतं गंगुबाई शेलार, आमच्याच चाळीतली, तळमजल्याची. तिला जाऊन तेरा वर्षं झाली. पिक्चरचं वेड असलेली बाई, डाळ चुलीवर ठेवून मॅटिनीला पळायची. खुर्ची वाजली तेव्हा मी स्टुलावरून उठून वाट करून दिली. कुणाला दिली ते मला विचाराल तर मी सांगू शकणार नाही. खोबरेल तेलाचा वास आला एवढं खरं.

मी मनाला पटवलं. बसली होती बिचारी इतकी वर्षं, आता घरचं कुणी न्यायला आलं, तर आपलं काय जातं? माणसाला कशाचीही सवय होते, आणि मला तर पगार दार उघडण्याचाच आहे.

मग अप्पांची पाळी आली.

अप्पा वर्तक फणसवाडीचे. बँकेतून निवृत्त, बायको सहा वर्षांपूर्वी गेलेली, मूलबाळ नाही. बस पकडून आठवड्यातून तीनदा आमच्या मॅटिनीला यायचे आणि मध्यंतरापर्यंत झोप काढायचे. त्या दुपारी पडद्यावर त्यांचं नाव आलं आणि मी स्टुलावरून उठले, कारण हा जिवंत माणूस होता. तासाभरापूर्वी मीच त्यांना बसवलं होतं.

खुर्ची वाजली. अप्पा दहा पावलं चालून माझ्यापर्यंत आले. हातात छत्री, चेहरा ताजा. थांबून म्हणाले, "घरून कुणी आलंय वाटतं, मालनबाई."

मी म्हटलं, "अप्पा, तुमच्या घरी आहे कोण?"

"आमची ही आली असेल," ते म्हणाले आणि पडदा सारून गेले. जाताना त्यांनी नेहमीसारखं मला थँक्यू म्हटलं.

मध्यंतराचे दिवे लागले तेव्हा अप्पा सातव्या रांगेत आपल्या जागेवर होते. मान खांद्यावर कललेली, छत्री मांडीवर. मी हात लावला आणि लगेच काढला. डॉक्टर म्हणाले, तासभर तरी झाला असेल, झोपेतच गेले, भाग्यवान. सगळे तेच म्हणत होते. मी त्यांना चालत जाताना पाहिलं होतं आणि त्यांच्याशी बोलले होते, हे मी कुणाला आणि कसं सांगणार होते?

५

दुसऱ्या दिवसापासून मी ह्यांना टॉकीजला आणायचं बंद केलं. शेजारच्या पूर्वी नावाच्या मुलीला लक्ष ठेवायला सांगितलं, बाहेरून कुलूप लावून किल्ली तिच्याकडे दिली आणि कामावर आले. पहिल्या दिवशी त्यांनी दार ठोकून मजला जागा केला. दुसऱ्या दिवशी पूर्वीनं दया येऊन कुलूप काढलं आणि हे निसटले. चार तासांनी पोलीस क्वार्टर्सच्या फाटकाशी सापडले, एका पायात चप्पल. टॉकीज कुठे आहे, असं हवालदाराला विचारत होते.

श्रेया आली आणि ह्या वेळी तिनं पोहे खाल्ले नाहीत. ती रडली, मग मोठ्यानं बोलली, मग पुन्हा रडली. बदलापूरच्या लोकांची गाडी सोमवारी येईल, असं सांगून गेली. ती चुकत नव्हती. मला तिचा राग आला तो तेवढ्यासाठीच.

रात्रभर मी हिशेब मांडत बसले, म्हणजे मनातल्या मनात. घरी ठेवले तर रस्त्यावर जाणार. बदलापूरला दिले तर महिन्याभरात माझं नाव विसरणार, मग ते जगले काय नि न जगले काय. टॉकीजला नेले तर ती स्लाइड. तिन्हींत स्लाइडच अशी होती जिच्याशी मला दोन हात करता येण्यासारखे होते. दारावर मी असते. माझ्यासमोरून जायचंय ना? बघू कसे जातात ते.

शनिवारी मी ह्यांना घेऊन आले. दहाव्या रांगेत बसवलं नाही. माझं स्टूल दाराशी आडवं लावलं, शेजारी कँटीनमधली खुर्ची मांडली आणि ह्यांना तिच्यावर पडद्याकडे पाठ करून बसवलं. तोंड माझ्याकडे. नाव दिसलंच नाही तर उठणार कशाला? सबनीस फेरी मारून गेले, बघून हसले. म्हणाले, नवराबायकोचा वेगळाच पिक्चर चाललाय. मी पण हसले.

६

मध्यंतर होऊन गेलं होतं. ह्यांनी डब्यातली शिरवाळी, म्हणजे नारळाच्या रसातल्या तांदळाच्या शेवया, खाल्ली आणि तोंड पुसून माझ्याकडे बघत बसले. पडद्यावरचा निळा-लाल उजेड भिंतीवर हलत होता. एकाएकी त्यांच्या कानामागे पिवळट झाक आली.

मी वाचलं. श्री. रामचंद्र घाडी, नायगाव, ताबडतोब बाहेर यावे.

मी चेहरा हलू दिला नाही. ते मात्र पाठ तशीच ठेवून म्हणाले, "माझा नाव इला."

कुठे काय, मी म्हटलं, पाणी प्या. ते उठायला लागले. मी दोन्ही खांदे धरून खाली बसवलं. अंगात बळ उरलं नाही असं डॉक्टर म्हणायचे त्या माणसानं मला स्टुलासकट मागे ढकललं. मी पुन्हा धरलं. मला घाम फुटला होता, पण डोकं ठिकाणावर होतं. घरून माणूस आलंय म्हणे. ह्यांच्या घरचं माणूस म्हणजे कोण? सासूसासरे गेले, दीर गेला, ते आले असतील तर त्यांनाही मी बघून घेईन. ह्यांच्या घरी चाळीस वर्षं मी आहे. मी इथे बसलेय. मग मला न विचारता ह्यांना बोलावणारं घरचं माणूस आलं कुठून?

हेच मी त्यांना सांगितलं. कानाशी तोंड नेऊन म्हटलं, "अहो, घरचं माणूस मीच ना? मी आलेय. बघा माझ्याकडे."

त्यांनी बघितलं. आपल्या लोकांत मोठ्या बाईकडे बघतात तसं, जरा संकोचून, अदबीनं. माझे हात खांद्यावरून हळूच काढायला लागले.

"बाई, माका सोडा," ते म्हणाले. "माझी मालन इली हा भायर. कवापासना उभी आसतली ती."

७

त्या वेळी मला जे झालं ते भय नव्हतं. मला राग आला. कोण ही भवानी, जी माझ्या नावावर माझा नवरा न्यायला आली आहे? तिला तोंडावर विचारायचं मी ठरवलं.

पण ह्यांना सोडून कसं जायचं? मी माझी बॅटरी त्यांच्या हातात दिली आणि सबनीसांच्या आवाजात म्हटलं, घाडी, ड्युटीवर आहात, मी येईपर्यंत जागा सोडायची नाही. छत्तीस वर्षांची नोकरी रक्तात असते. ते ताठ बसले आणि बॅटरी दोन्ही हातांनी धरली. मी पडदा सारला, कडी काढली, बाहेर पाऊल टाकलं आणि पाठीमागे दार घट्ट लावून घेतलं.

दुपारचे दोन वाजले असतील. गल्लीत इतकं ऊन होतं की डोळ्यांना अंधारी आली. समोरच्या मसाल्याच्या दुकानात मिरच्या कुटायचं मशीन चालू होतं, पण आवाज लांबून आल्यासारखा येत होता.

दाराच्या उजवीकडे भिंतीच्या सावलीत एक बाई उभी होती, पाठमोरी. पोस्टर बघत होती. हातात पितळी डबा, त्याला फडकं बांधलेलं. एका पायावर भार देऊन दुसऱ्या पायाच्या टाचेनं ती घोटा खाजवत होती. अंगावर मोरपिशी साडी होती, काठावर शिवणीचा एक वेडावाकडा टाका. ती साडी मी श्रेयाच्या बारशानंतर बोहारणीला देऊन टोप घेतला होता. तो टोप आजही माझ्या ओट्यावर आहे. टाकाही मीच घातलेला होता.

तिनं जरा मान वळवली. मला कान दिसला, कानातली कुडी दिसली आणि गालाची कड. काळेभोर केस, एकही पांढरा नाही. त्यापुढे मी बघितलं नाही. मी जमिनीकडे बघायला लागले, आणि बघायचं नाही हे मी ठरवून केलं.

"आमचे हे आत हत मां?" तिनं विचारलं. पंचविशीतला आवाज. आनंदात होती. तिला कुठलीच घाई नव्हती.

मला तिचा हेवा वाटला, ते सांगायला मला लाज वाटत नाही. ह्यांनी तिला लक्षात ठेवलं होतं, मला नाही. तिच्यासाठी ते मला ढकलत होते. एक क्षण वाटलं, दार उघडावं. जाऊ देत. तिच्याबरोबर ते सुखी राहिले होते, मला माहीत आहे, मी तिथे होते.

मग मी आवाज कडक केला. डोअरकीपरला खोटं बोलावंच लागतं, हाउसफुल नसताना हाउसफुल म्हणावं लागतं. मी म्हटलं, "त्या नावाचं आत कोणी नाही. तुमची चूक झालीय. घरी जा."

तिनं डब्याच्या फडक्याची गाठ घट्ट केली. मला वाटलं, मी जिंकले.

"नसतले तर येतले," ती म्हणाली. "मी थांबतंय."

तिनं डबा खाली ठेवला, साडी सावरली आणि दाराच्या पायरीवर बसली. भांडली नाही, विनवणी केली नाही, पुन्हा वर बघितलंही नाही. नुसती बसली, पाय जवळ घेऊन, दाराला पाठ टेकून. कुणी दुसरी असती तर मी तिला हाकलली असती, रडवली असती, कंटाळवून परत पाठवली असती. पण ह्या बाईला मी चांगली ओळखते. ती एकदा बसली की तिचं माणूस बरोबर घेतल्याशिवाय उठत नाही.

दाराची दुसरी फळी जरा उघडून, अंग चोरून मी आत आले आणि दोन्ही कड्या लावल्या. हे खुर्चीतच होते, बॅटरी धरून, माझ्याकडे अनोळखी डोळ्यांनी बघत. कोपऱ्यातली स्लाइड तशीच होती. मी स्टूल ओढून दाराला पाठ लावून बसले. लाकडातून पलीकडच्या पाठीची ऊब मला कळत होती.

पिक्चर संपायला अजून पाऊण तास होता. आम्ही दोघी थांबलो.